देव तारी, बिल मारी

सहा महिने मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे सगळं ग्रॅमवर मोजून बसतं. विम्याचा विषय निघाला की मात्र, "देवाच्या दयेनं तब्येत ठणठणीत आहे हो!" देवाच्या दयेवर माझाही विश्वास आहे. फक्त न्यू जर्सीत तिचा फॉर्म भरावा लागतो.

त्यातून विमा घेतलाच, तर स्वस्तातला. त्याला म्हणतात 'फिक्स्ड बेनिफिट'. प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते, वरचं सगळं आपलं. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' महाग पडतो, पण डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून द्यायची ठरलेली रक्कम, भरलं की पुढचा बराच भार उचलतो. मधुमेह-रक्तदाब हे जुने सोबती असतील, तर पॉलिसीत 'अक्यूट ऑनसेट' हे दोन शब्द आहेत का ते बघा. जुनं दुखणं अचानक उसळलं तरच पैसे, आणि तेही बहुतेक वेळा चोवीस तासांत डॉक्टर गाठला तर. 'रात्र जाऊ दे, सकाळी बघू' हा आपला राष्ट्रीय उपचार तिथे फार महागात पडतो.

घसा, साधा ताप, मुरगळलेला पाय असेल तर 'अर्जंट केअर' नावाचा दवाखाना. विम्याशिवाय साधारण दीडशे ते तीनशे डॉलर. त्याच घशासाठी इमर्जन्सीत गेलात, तर आकडा हजारांत जाऊ शकतो. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, की मात्र हिशेब बाजूला ठेवून ९११ ला फोन. तिथल्या १९८६ च्या कायद्यानं हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला पैसे न विचारता तपासावं लागतं आणि जीव सावरेपर्यंत उपचार द्यावे लागतात. आपल्याकडे आधी डिपॉझिट आणि मग स्ट्रेचर, तिकडे आधी स्ट्रेचर आणि मग पोस्टानं बिलं. बिलं अनेकवचनी आहेत. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं.

खरी पंचाईत दुखण्याच्या आकड्याची. "शून्य ते दहा, किती दुखतंय?" मराठीत ठणका आहे, ठसठस आहे, चमक, कळ, मुरडा, जळजळ आहे, आकडा नाही. त्यात समोरच्याला त्रास नको म्हणून आपला माणूस पोट धरून, वाकून सांगतो, "दोन." आणि दोनवाला रांगेत मागे बसतो. दुभाषा मागा, फोनवर मराठीही मिळतो, आणि तो फुकट असतो.

दाखल होताना धर्म विचारतात. बिचकू नका, चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलचा धर्मगुरू, पाठवायचा असतो. तो शेजारी बसतो, हात धरतो, रामरक्षा म्हणायला लागलात तर डोळे मिटून ऐकतो. दुभाष्यानंतर त्या इमारतीत बिल न पाठवणारा हा दुसरा माणूस.

माझी श्रद्धा डळमळते ती बिलाशी. मोठ्या विमा कंपन्या हॉस्पिटलशी घासाघीस करून दर पाडतात. विमा नसलेल्या सफाई कामगाराच्या हातात मात्र मूळ छापील दर पडतो. म्हणजे ज्याच्या खिशात सगळ्यात कमी, त्याच्याकडे सगळ्यात जास्त मागणी. तिथल्या धर्मादाय हॉस्पिटलांना आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते. पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. पाहुण्यांना ती लागू आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं. विचारणाऱ्यालाच मिळतं, न विचारणाऱ्याकडे वसुलीवाले येतात. आपल्याकडे वेगळं आहे असं समजू नका. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवायच्या असतात, आणि त्यांचा फलक शोधता शोधता अनेकांचा डिस्चार्ज होतो.

म्हणून पहिलं बिल आलं की लगेच भरू नका. 'आयटमाइज्ड' बिल मागा, म्हणजे ओळन् ओळ वेगळी. न झालेली तपासणी त्यात सापडू शकते. आणि विमा कंपनीच्या ज्या कागदावर 'हे बिल नाही' असं छापलंय, ते खरंच बिल नसतं. उगीच देव पाण्यात ठेवू नका.

राहिली औषधं. नेहमीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून, हातातल्या बॅगेत. पॅरासिटामॉल तिथे 'असिटामिनोफेन' या नावानं मिळतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही. मिळतं तेव्हा नारिंगी बाटलीत, आणि झाकण दाबून फिरवावं लागतं, मुलांना उघडता येऊ नये म्हणून. संधिवाताच्या बोटांनाही ते उघडत नाही. फार्मसीत साधं झाकण मागितलं तर देतात. नाही मागितलं, तर आजोबा नातवाला हाक मारतात, आणि तो पाच वर्षांचा प्राणी एका झटक्यात उघडून देतो.