उपाशीपोटी घाट चढू नका

सुट्ट्या लागल्या की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला, त्यातल्या एकावर सख्ख्या मावशीकडून, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मजकूर थोडक्यात असा: गाडी लागणं म्हणजे पित्त. म्हणून आदल्या रात्रीपासून काही खाऊ नका, मागच्या सीटवर डोळे मिटून आडवे व्हा, पोरांना मोबाइल द्या म्हणजे लक्ष दुसरीकडे राहील, वर्तमानपत्र पसरून त्यावर बसा, तरीही उलट्या सुरू झाल्या तर गोळी घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘हा सगळा मनाचा खेळ आहे.’ (पित्त की मन, ते एकदा ठरवा बुवा.)

मी दहावीपर्यंत कुंभार्ली घाटात एकही फेरी कोरडी न काढलेला माणूस आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आधी पित्ताचं. उलटीत शेवटी कडू, पिवळं पाणी पडतं म्हणून त्याच्यावर आळ येतो. पण पोट रिकामं झालं की कुठल्याही उलटीत तेच पडणार. खरी गडबड कानात असते. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. घाटात कान ओरडून सांगतो, डावीकडे वळलो, ब्रेक लागला, पुन्हा वळलो. डोळे मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले. त्यांच्या मते सगळं जागच्या जागी आहे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि शिक्षा भोगतं पोट.

पटत नसेल तर ड्रायव्हरकडे बघा. तीच वळणं, तोच डिझेलचा वास, त्याच ढाब्यावरचा चहा, पण त्याला क्वचितच गाडी लागते. स्टिअरिंग त्याच्याच हातात असल्यामुळे पुढचं वळण त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. दुसरं म्हणजे, ज्यांच्या दोन्ही आतल्या कानांचं हे तोल सांभाळणारं काम पूर्ण बंद पडलेलं असतं, त्यांना कितीही हलवलं तरी गाडी लागत नाही. पित्त तर त्यांनाही असतंच!

उपाशी राहण्याने बहुतेकांची मळमळ वाढते. निघण्याच्या तासभर आधी दोन इडल्या, मऊ भात, चतकोर भाकरी असं काहीतरी हलकं पोटात असू द्या. मिसळ परतीला खा.

मागची सीट हा तर शत्रूने द्यावा असा सल्ला. एसटीची शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे असते. प्रत्येक खड्ड्याला तीच सगळ्यात उंच उडते. दोन्ही चाकांच्या मधली किंवा पुढची, समोरचा रस्ता दिसेल अशी जागा धरा. गेटवेहून मांडव्याला लाँचने जाताना मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. डोळे मिटून डोकं टेकवायला हरकत नाही, मेसेजमध्ये तेवढंच बरोबर निघालं.

मोबाइलचं सांगतो. गेल्या वर्षी आंबेनळी घाट उतरताना आठ वर्षांची भाची मागे कार्टून बघत होती. पाच-सहा वळणं झाली आणि तिची बडबड थांबली. मग जांभया. ओठ पांढरे, कपाळावर गार घाम. “मामा, तोंडाला पाणी सुटतंय.” हे वाक्य ऐकलं की गाडी बाजूला घ्यायचीच, नाहीतर सीट कव्हर धुवायला लागतं. दहा मिनिटं वाऱ्यावर उभी राहिली, मग मधे बसवून समोरच्या काचेतून दिसणारे दगड मोजायला लावले. पोलादपूर येईपर्यंत पुन्हा तक्रार नाही. दोन ते बारा या वयात गाडी सगळ्यात जास्त लागते, आणि नेमक्या त्याच वयाच्या हातात आपण स्क्रीन देतो.

वर्तमानपत्रावर बसण्यामागे म्हणे अंगातली स्थिर वीज आहे. सोडून द्या.

गोळीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या किमान तासभर आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, आणि उलटी झालीच तर गोळीही बाहेर. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये. मोठ्या मुलांना, गरोदर बायकांना, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टरांना विचारूनच. घरात उरलेली ऑन्डॅनसेट्रॉन, म्हणजे जुलाब-उलट्या झाल्यावर डॉक्टर देतात ती, इथे फारशी चालत नाही. दोन्हींना आपण ‘उलटीची गोळी’ म्हणतो, तिथे घोळ होतो. आल्याच्या वडीचे अनुभव संमिश्र आहेत, पण चघळायला कोण नको म्हणतंय?

राहिला मनाचा खेळ. शेजारचा ओकायला लागला की आपल्यालाही उमळून येतं, भीतीने त्रास वाढतो, इतपत खरं. पण 1831 ते 1836 बीगल जहाजावर फिरलेला चार्ल्स डार्विन शेवटपर्यंत समुद्र लागून बेजार होता, आणि गाडी कुत्र्यांनाही लागते. त्यांना कुणी मेसेज पाठवला होता?

मावशी, रत्नागिरी-कोल्हापूर गाडीचं तुझं रिझर्वेशन मी काढलंय. मधे आंबा घाट आहे, म्हणून पुढची सीट घेतलीय. सकाळी दोन इडल्या खाऊनच घर सोड.