‘पूल जुन्याच जागी, मग सर्वेक्षण कशाला?’

खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवा पूल जुन्याच जागी होतो, तिथली जमीन आधीच खणलेली असते. पुरातत्त्वाचं सर्वेक्षण म्हणजे कामाला सहा महिने खीळ. आणि एखादं खापर सापडलं की आजूबाजूची शेतं सरकारजमा.

‘जुन्याच जागी’ इथेच पहिली गफलत आहे. रहदारी चालू ठेवायची म्हणून नवा पूल सहसा जुन्याच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला येतो. जुना ठेंगणा फरशी पूल पुरात बुडायचा, म्हणून नवा पूल उंच, आणि पूल उंचावला की दोन्हीकडचे भराव लांबतात. भराव 3 मीटर उंच, माथा 10 मीटर, बाजूंचा उतार 2 ला 1 असेल तर पायथा 22 मीटर होतो आणि दर 100 मीटरला 4,800 घनमीटर माती-मुरूम लागतो. तो कुठलं तरी टेकाड उकरूनच येतो. शिवाय वळणरस्ता आणि कास्टिंग यार्ड (पुलाचे काँक्रीटचे भाग ओतायची जागा) यांनाही जमीन लागते.

त्यातून जिथे नदी ओलांडणं सोपं, तिथेच वस्ती. तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशे इथे 1955 मध्ये उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे तेव्हापासूनचे) थर निघाले. गिरणेच्या एका काठावर बहाळची वस्ती, तर समोरच्या टेकवाड्याला दफनं. पुलाची टोकं टेकतात ती अशाच काठांवर.

‘सहा महिने’ हा आकडा कुठून आला, देव जाणे. गावनकाशावर जुनं गावठाण शोधायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं की पांढर (जुन्या वस्तीची पांढरट माती) कुठे, घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, टाकायची माती कुठून आणायचे. मग चार माणसं 10-10 मीटरवर रांगेत चालली की एक किलोमीटरचा जोडरस्ता दिवसात होतो. हे रब्बी निघाल्यावर करायचं. उभ्या कपाशीत किंवा केळीच्या बागेत फिरून ‘काही आढळले नाही’ असा शेरा मारण्याला अर्थ नाही. लाल अंगावर काळी नक्षी, टिचकी मारली की ठण्ण वाजणारं खापर दिसलं तर ते ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीचं असू शकतं. पण चकवाही असतो. पांढरीची माती खत म्हणून शेतोशेती गेलेली असते; खापरं दिसतात, खाली वस्ती नसते. अशी खापरं लहान, कडा झिजलेली. खात्री करायला नदीच्या कड्याचा मीटरभर पट्टा खुरप्याने तासायचा. राखेचे पट्टे, चोपलेली जमीन तिथे उभ्या छेदात दिसते.

पायासाठी जमिनीत बोअर घेतातच. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे थरांच्या नोंदीत, वरचा थर ‘भराव’ लिहून मोकळे होतात. तेच नमुने जाणकाराने पाहिले तर कोळसा, विटेचा चुरा, खापरं कळतात. जास्तीचा खर्च जवळपास शून्य. शंका उरलीच तर 2 × 2 मीटरचा चाचणी खड्डा, 10-10 सेंटिमीटरने, मूळ मातीपर्यंत. त्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि वेळ जातो तो इथे. म्हणून अर्ज डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) बनतानाच करावा, वर्क ऑर्डर निघाल्यावर नव्हे. पोकलेनच्या बकेटला आधी काही लागलं, तर मात्र काम खरंच अडतं, आणि मशीनचं भाडं चालूच राहतं.

शेतं सरकारजमा? खापर सापडल्याने काहीही संरक्षित होत नाही. 1958 च्या कायद्यात त्यासाठी आधी दोन महिन्यांची जाहीर सूचना आणि हरकती आहेत. 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र हे केंद्र संरक्षित स्मारकांभोवतीच. तसं स्मारक जवळ असेल तर परवानगी लागेल, तेवढं आधी बघा.

मेसेजची एक बाजू खरी: प्रत्येक पुलाआधी असं सर्वेक्षण कायद्याने सरसकट बंधनकारक नाही. पण बंधनकारक नसलं तरी जुनं काय आहे ते आधी बघणं फायद्याचंच. पांझराकाठच्या फडांचे (सामाईक पाटावर भिजणाऱ्या शेतपट्ट्यांचे) काही शतकं जुने पाट अजून वाहतात. भरावाखालची पाइप मोरी पाटाच्या तळापेक्षा वीतभर उंच बसली, तर खालचा फड कोरडा. मोरीची लेव्हल ठरवण्याआधी पाटकऱ्याला (पाटाचं पाणी सोडणाऱ्याला) सोबत घेऊन पाटाचा तळ मोजा.