किराया भरण्याचा किराया

महिन्याच्या पाच तारखेच्या आत घराचे भाडे भरणे हे आपले कर्तव्य आहे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची अजूनही समजूत असते. ती आपण लवकरात लवकर सोडून द्यावी. भाडे भरणे ही आता एक सेवा झाली आहे, ती आपल्याला पुरवली जाते, आणि कोणी आपल्याला सेवा पुरवली असता तिचे मोल न देता पाठ फिरवणे हे सभ्य भाडेकरूला शोभत नाही. हे पटायला सुरुवातीला थोडे जड जाते. मलाही गेले. म्हणून माझ्यानंतर इंदुरात घर शोधणाऱ्यांच्या उपयोगी पडावे या हेतूने माझा अनुभव येथे मांडतो.

रामबागेतल्या जुन्या वाड्यात आम्ही राहत होतो, तेव्हा दर महिन्याला मालककाका स्वतः जिना चढून येत, दाराशी खोकत, आई त्यांना चहा देई, मग साडेपाच हजार रुपये दोनदा मोजून घेऊन ते पावतीपुस्तकावर एक रुपयाचा रेव्हिन्यू स्टॅम्प चिकटवत आणि त्याच्यावरून आडवी सही करत. तो रुपया काकांचा असे. हा त्यांचा उदारपणा नव्हता; पाच हजारांहून अधिक रक्कम घेणाऱ्याने, देणाऱ्याने मागितल्यास, तिकीट लावलेली पावती दिलीच पाहिजे, असे १८९९चा मुद्रांक कायदा सांगतो. पैसे ज्याला मिळतात त्याने ते मिळाल्याचा खर्च सोसावा, इतकी मागासलेली कल्पना इंग्रजांच्या डोक्यात होती आणि काकांनी ती निमूटपणे पाळली. बारा महिन्यांचे बारा रुपये गेले बिचाऱ्यांचे. आमचा खर्च म्हणजे बारा कप चहा.

आता आम्ही बायपासकडच्या एका मल्टीत राहतो. (इंदुरात बहुमजली इमारतीला मल्टी म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) मालक पुण्यात असतात, घराचा कारभार एक कंपनी पाहते, आणि अकरा महिन्यांच्या करारात एक कलम आहे की भाडे केवळ कंपनीच्या अ‍ॅपवरूनच भरावे. भाडे चौदा हजार. पहिल्या महिन्यात मी क्रेडिट कार्ड वापरले, तेव्हा पडद्यावर चौदा हजारांखाली बारीक अक्षरांत एक टक्का सुविधा शुल्क, म्हणजे १४० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५ रुपये २० पैसे, अशी भर पडली. वर्षाचे होतात १,९८२ रुपये ४० पैसे. आपण हिशेब करत बसू नये, त्याने मन कलुषित होते. मी केला, कारण आमच्या घरात ती वाईट सवय आजोबांपासून आहे.

या पंचवीस रुपये वीस पैशांकडे मात्र आपण आदराने पाहावे. माझ्यासारख्या जीएसटीत नोंदणी नसलेल्या माणसाने राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही. डोक्यावर छप्पर असणे ही गरज आहे, हे सरकारला मान्य आहे. परंतु त्या छपराचे पैसे पोहोचते करणे ही चैन असल्यामुळे तिच्यावर अठरा टक्के आहेत. आयकराचेही तसेच. जुन्या पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्या नोकरदाराला घरभाडे भत्त्याची सूट भाड्यावर मिळते, वर्षाचे भाडे एक लाखावर गेले तर मालकाचा पॅनही द्यावा लागतो, आणि हे सगळे इमानाने केल्यावर कळते की सुविधा शुल्क हे भाडे नव्हेच, तेव्हा त्याची सूट मागू नये. घर मिळवण्यासाठी ते अनिवार्य आहे आणि हिशेबात ते घराशी संबंधित नाही. अशी दुहेरी भूमिका आपल्यापैकी कोणी साहेबासमोर घेतली असती, तर त्याला घरी पाठवले असते.

कार्डाचा नाद सोडा, यूपीआयने भरा, असे एखादा हितचिंतक आपल्याला सांगेल. हा मार्ग फुकट आहे हे खरे; १ जानेवारी २०२०पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर बँकेने देणाऱ्याकडून वा घेणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये असा नियम आहे, आणि बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी करण्यालाही तेव्हापासून पैसे पडत नाहीत. आमची कंपनी हा नियम अक्षरशः पाळते. ती यूपीआयवर शुल्क घेत नाही, ‘प्लॅटफॉर्म’वर घेते: ४९ रुपये, अधिक जीएसटी. रेल्वेच्या फलाटावर उभे राहण्याचे तिकीट असते, मग या फलाटावर का नसावे, असे स्वतःला समजवावे. मी फोन करून विचारले, तर एका गोड आवाजाच्या मुलीने सांगितले, “सर, सिस्टम में ऐसा ही आता है.” ही सुविधा नेमकी कोणाची, असेही मी विचारून पाहिले. त्यावर तिने मला संगीत ऐकवले. आपण हा प्रश्न विचारू नये. सुविधा ही विजेसारखी असते. ती कोणाच्या घरी उजेड पाडते याच्याशी बिल भरणाऱ्याचा संबंध नसतो.

चेकचा मार्ग मी अनुभवाने वर्ज्य ठरवला आहे. तीन तारखेला कंपनीच्या कार्यालयात चेक नेऊन दिला, तो त्यांनी सहा तारखेला बँकेत टाकला, आणि माझ्या खात्यावर चेक हाताळणीचे १५० आणि विलंबाचे ५०० रुपये चढले. रोख रक्कम ते घेतच नाहीत. आईने सुचवले होते की पैसे पाकिटात घालून, वर नारळ ठेवून न्यावेत म्हणजे नाही म्हणणार नाहीत. पण नारळावर कोणत्या दराने कर लागेल याची मला खात्री नव्हती.

क्रेडिट कार्डाने भाडे भरून पॉइंट मिळवणाऱ्या मित्रांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ते स्वतःला हुशार समजत असत. २०२२च्या अखेरीपासून एकेका बँकेने कार्डावरून भरलेल्या भाड्यावर आपलेही शुल्क लावायला सुरुवात केली, त्यामुळे अ‍ॅपला एक दक्षिणा आणि बँकेला दुसरी देऊन हे मित्र तिच्याहून कमी किमतीचे पॉइंट गोळा करत राहिले. पुढे सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले आणि अनेक अ‍ॅपांनी ती सोयच बंद केली. माझा एक मित्र अजून हळहळतो. शुल्क द्यायची संधी गेल्याचे दुःख करणारा माणूस मी प्रथमच पाहिला. आदर्श भाडेकरू म्हणून त्याच्याकडे बोट दाखवावे.

पावतीचे सांगायचे राहिले. भाडे दिल्यावर सहीची लेखी पावती मिळणे हा मध्य प्रदेशाच्या १९६१च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने भाडेकरूला दिलेला हक्क आहे. आमच्या अ‍ॅपवर तो हक्क ‘वार्षिक पावती संच’ या नावाने १९९ रुपयांना उपलब्ध आहे, आणि मार्च महिन्यात, म्हणजे कचेरीत पुरावे मागतात नेमक्या तेव्हा, तो ठळक रंगात लुकलुकतो. आपण तो घ्यावा. हक्क फुकट मिळाला की माणूस त्याची किंमत ठेवत नाही.

गेल्या महिन्यात मालक घर पाहायला इंदुरात आले होते. सकाळी आम्ही छप्पन दुकानला पोहे-जिलेबी खायला गेलो, आणि दुसऱ्या जिलेबीला त्यांनी हळूच विचारले की तुम्ही चौदा हजारच भरता ना, कारण कंपनी दर महिन्याला त्यांच्याकडून ‘भाडे वसुली शुल्क’ कापून घेते आणि हाती येतात ते चौदा हजार नव्हेत. मी त्यांना माझ्या मोबाइलचा पडदा दाखवला. त्यांनी मला त्यांचा दाखवला. आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांच्या मोबाइलात पाहत राहिलो, मग पैसे कोणी द्यायचे यावरून नेहमीची ओढाताण झाली, आणि मी फलकावरचा क्यूआर टिपून पैसे पाठवले. दुकानातल्या डबीने मोठ्या आवाजात रक्कम पुकारली. जितके झाले होते, तितकीच.