साठ रुपये नकोत, त्या अकरा पुड्या खाली काढा

आषाढी एकादशीला आईने भगरीच्या पिठाच्या भाकऱ्या केल्या. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेला धरवेना. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "उपवासाचं काय खाल्लंत?" रात्रभर सलाईन. आता ती बरी आहे.

उरलेलं पीठ घेऊन मी कोथरूडच्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. काकांची वीस वर्षांची ओळख, माणूस सज्जन. त्यांनी पुडी हुंगली, कुबट वास त्यांनाही आला. लगेच गल्ल्यातून साठ रुपये काढून पुढे केले. आणि त्यांच्या मागच्या फळीवर त्याच पोत्यातल्या अकरा पुड्या तशाच उभ्या!

पावसाळी हवेत पिठाला बुरशी धरते आणि तिचं विष भाकरी कितीही खरपूस भाजली तरी जातंच असं नाही. पुडीवर बॅच नंबर नाही, दळल्याची तारीख नाही, चौदा आकडी परवाना क्रमांक नाही. पोतं कुणाकडून आणलं, तर बिलच नाही.

माझा राग इथे आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २८ सांगतं की माल असुरक्षित वाटला की व्यावसायिकाने तो बाजारातून आणि ग्राहकांकडूनही परत घ्यायचा, कारण सांगायचं, प्रशासनाला कळवायचं. कलम २७ प्रमाणे माल कुणाकडून घेतला हे विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर जबाबदारी त्याच्यावर येते. २०१५ साली मॅगी परत मागवली गेली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, पण तेव्हा गल्लीबोळातल्या दुकानांतून पाकिटं निघाली, कारण माल कुणाचा हे पाकिटावरच छापलेलं होतं. सुट्या पिठाचा माग कुठून काढणार?

काकांना म्हटलं, पैसे राहू द्या, आधी त्या पुड्या खाली काढा. सामानाच्या ऑर्डरी घ्यायला तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, त्यावर आत्ता लिहा. ते घुटमळले. "लोक काय म्हणतील, ताई?" मग माझ्यासमोरच त्यांनी टाइप केलं. मी थोडं पीठ बाजूला ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ वर तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर एक आजी काउंटरपाशी उभ्या होत्या. हातात तीच पुडी, अर्धी संपलेली, तोंडाला रबर लावलेलं.