बर्फाने हृदयाचं भोक बुजत नाही

माझ्या मामेबहिणीचा मुलगा दहा महिन्यांचा आहे. रडला की त्याचे ओठ आणि नखं निळी पडतात. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे. पण आठ दिवसांपूर्वी डिचोलीला तिच्या सासरी भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरून एक संदेश पोचला. तेव्हापासून तिच्या सासूबाई, ज्यांना मी आते म्हणतो, म्हणताहेत, ‘थोडं थांबूया.’ पहाटे विहिरीच्या गार पाण्याने त्याला आंघोळही सुरू झाली आहे.

संदेश असा: अमेरिकेचा स्नोबोर्डपटू (बर्फावर फळीवरून घसरण्याचा खेळ खेळणारा) शॉन व्हाइट हृदयाला भोक घेऊन जन्मला. डॉक्टरांनी हात टेकले. आईवडिलांनी ऑपरेशन टाळून त्याला बर्फाळ डोंगरात वाढवलं. थंडीने भोक बुजलं, बर्फाने त्याला कधी इजा केली नाही, आणि त्याने ओळीने तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. तेव्हा मुलांच्या छातीला सुरी लावू नका.

ऑपरेशन टाळलं? वर्षाचा होण्याआधी व्हाइटवर दोनदा ओपन हार्ट शस्त्रक्रिया झाली. हे तो स्वतः मुलाखतींतून सांगत आला आहे. ज्याच्या छातीला दोनदा सुरी लागली म्हणून तो जगला, त्याचंच नाव घेऊन सुरी लावू नका म्हणायचं, याचा मला संताप येतो.

त्याचा दोष होता ‘टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो’. आमच्या बाळाच्या कागदांवरही हेच नाव आहे. यात नुसतं भोक नसतं. फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, त्यामुळे अशुद्ध रक्त भोकातून महाधमनीत शिरतं आणि अंगभर फिरतं. मूल निळं पडतं ते म्हणून. ती वाट गारव्याने रुंद होत नाही. अमेरिकेत वॉल्टन लिलेहाय या शल्यचिकित्सकाने १९५४ साली हा दोष पहिल्यांदा पूर्ण दुरुस्त केला. त्याआधी अशी बहुतेक मुलं मोठी होतच नसत.

एक गोष्ट मान्य करतो. हृदयाच्या कप्प्यांमधलं लहानसं भोक पुष्कळ मुलांत आपोआप बुजतं. शेजारच्या कुणाच्या नातवाचं तसं बुजलंही असेल. पण ते कोणतं भोक, हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून डॉक्टर सांगतात. फॅलोचा दोष आपोआप जात नाही.

बाकीचंही चूकच. व्हाइट जन्मला सॅन दिएगोला, आपल्यासारख्याच समुद्रकाठच्या गावात. बोर्डवर पहिल्यांदा उभा राहिला सहाव्या वर्षी, म्हणजे हृदय दुरुस्त झाल्यावर पाच वर्षांनी. सुवर्णपदकं २००६, २०१० आणि २०१८ची. मधे २०१४ला तो चौथा आला. आणि बर्फाने इजा केली नाही म्हणता? २०१७च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडमध्ये सराव करताना तो असा आपटला की चेहऱ्याला ६२ टाके पडले. चार महिन्यांनी दक्षिण कोरियात प्याँगचँगच्या ऑलिंपिकमध्ये शेवटच्या फेरीत ९७.७५ गुण घेऊन तो जिंकला, तेही डॉक्टरांनी टाके घातलेल्या चेहऱ्यानेच.

आते, तुम्ही बाळावर जीव टाकता हे मला ठाऊक आहे. उद्यापासून ते विहिरीचं पाणी बंद करा. तो रडून निळा पडू लागला तर त्याचे गुडघे पोटाशी घेऊन छातीला टेकवा आणि तसंच तडक इस्पितळात न्या. तारखेच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन दारात येतो.