अकरा लाडू

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात माकड शिरलं. बोरिवलीत नॅशनल पार्कला खेटून राहणाऱ्यांना ही काही बातमी नव्हे. बातमी अशी की, आईने पाठवलेल्या लाडवांच्या डब्याचं जे झाकण मला दोन दिवस निघत नव्हतं, ते त्याने चार सेकंदांत काढलं. बायको बघत होती. काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

डोक्यावर मधोमध भांग, चेहरा कारकुनाचा. मी कसनुसं हसलो. माकडांत दात दाखवणं म्हणजे शरणागती, हे नंतर वाचलं. मी रीतसर शरण आल्यावर त्याने लाडू गालातल्या पिशव्यांत कोंबायला घेतले. आधी आत घुसायचं, बाकीचं मग बघू. विरार लोकलचाच संस्कार.

तेवढ्यात समोरच्या बाल्कनीतून काका ओरडले, "अहो, लाडवांत बेदाणे आहेत का?"

"आहेत. का?"

"नाही, सकाळीच केळी दिलीत त्याला. गोड फार होईल."

"काका, चोरतंय ते!"

"चोरतोय कसला? जंगल आधीचं की तुमची सोसायटी?" हे स्वतःच्या भक्कम जाळीच्या आतून. "आणि त्याच्या डोळ्यांत बघू नका, राग येतो त्याला."

"मग बघू कुठे?"

"लाडवांकडे बघा."

"तेच बघवत नाहीये!"

"शनिवार आहे. मारुतीला पोचले म्हणायचं."

बालीतल्या उलुवातू मंदिरातली माकडं चष्मे, फोन पळवतात आणि खाऊ मिळाला की परत देतात. 2021 सालच्या एका शोधनिबंधानुसार, मुरलेली माकडं महागाच्या वस्तूसाठी जास्त ताणून धरतात. तिथे निदान सौदा तरी होतो. आमच्याकडे सरळ वसुली.

माकडाचं तरी काय चुकलं म्हणा. रानात फळं, पानं, किडे हुडकत दिवस घालवायचा, की काकांकडे बिस्किटं, माझ्याकडे लाडू? मीही दुसरंच निवडलं असतं. खायला घालू नका, अशी पाटी पार्कात आहे. काका तिथे रोज फिरायला जातात. आणि सोसायटीची नोटीस कुणाच्या नावाने? माझ्या. खिडक्या बंद ठेवाव्यात. मे महिन्यात! काकांच्या केळ्यांबद्दल अवाक्षर नाही, कारण नोटिशीवर सही काकांचीच.

रिकामा डबा चौथ्या मजल्यावरून वॉचमनच्या पत्र्यावर पडला. "स्टीलचा ना? मग काही होत नाही," काका म्हणाले.

पोचा आलाय. आता झाकण लागतच नाही.