मेट्रोपासून 500 मीटर

परवा आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. पुण्याच्या कोथरूडमध्ये सध्या गल्लोगल्ली होते, तशीच. बिल्डरच्या माणसाने पहिली स्लाइड लावली: 'मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर'. पुढची स्लाइड पार्किंगची. दर फ्लॅटला दोन गाड्या, तीन मजले नुसते गाड्यांचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत, प्लॉटचा आकार आणि रस्त्याची रुंदी बघून, प्रीमियम भरला की 4 पर्यंत एफएसआय मिळू शकतो, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम करता येतं. यालाच टीओडी म्हणतात, म्हणजे ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, स्टेशनाभोवती दाट वस्ती. मी या धोरणाच्या बाजूचा आहे. टँकरच्या पाण्यावर जगणारी नवी उपनगरं वसवत सुटण्यापेक्षा स्टेशनजवळ जास्त माणसं राहिलेली केव्हाही बरी. पण हा जादा एफएसआय माणसांसाठी आहे, त्यांनी चालत स्टेशनवर जावं म्हणून. गल्ली तेवढीच राहणार, घरं दुप्पट-तिप्पट होणार आणि प्रत्येक घरामागे दोन गाड्या येणार असतील, तर मेट्रो शेजारी असून उपयोग काय?

ब्राझीलच्या कुरितीबा शहराने 1970 च्या दशकात बसचे खास मार्ग केले आणि उंच इमारती मुख्यतः त्या मार्गांलगतच होऊ दिल्या. आपल्याकडे कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, 2006 मध्ये आली, देशात पहिली. पण आपण बसचा विचार वेगळा केला आणि बांधकामाचा वेगळा. मेट्रोच्या बाबतीत तरी असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मीटिंगनंतरच्या रविवारी आईला घेऊन आयडियल कॉलनी स्टेशनवर चालत गेलो. ती 74 वर्षांची, हातात काठी. फूटपाथ सुरू झाला तो गुडघ्याएवढ्या उंचीवर. ती चढेना, मी हात दिला. पुढे विजेचा डीपी, त्याला टेकून लावलेल्या दुचाक्या, मग उखडलेले ब्लॉक. तीन वेळा खाली उतरून रस्त्यावरून चालावं लागलं, मागून बसचे हॉर्न. पाच मिनिटांच्या वाटेला बावीस मिनिटं लागली. स्टेशनात लिफ्ट होती, बसायला जागा होती, आई खूश झाली. पण येताना म्हणाली, "रिक्षाच कर बाबा."

मीटिंगमधली आणखी एक गोष्ट मनाला लागली. वन बीएचके ठेवूया म्हटल्यावर दोघे-तिघे लगेच म्हणाले, "नको, क्राउड बदलतो." आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी उत्तमनगरहून बस बदलून येतात. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मुली, गरवारेला शिकणारी पोरं, हीच माणसं रोज मेट्रोने जाणार. स्टेशनजवळ त्यांना परवडेल असं एकही घर उरणार नसेल, तर मेट्रो कोणासाठी धावणार? पुण्यात घर घेणारा प्रत्येक जण 1 टक्का मेट्रो अधिभार भरतो, लांब राहणारासुद्धा.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडणार आहे. निम्मी घरं लहान ठेवा आणि पार्किंगचा एक मजला कमी करा. तिसरी गोष्ट मागच्या भिंतीची. त्या भिंतीमुळे पलीकडच्या गल्लीतल्यांना स्टेशनला जायला मोठा वळसा पडतो. प्लॉटच्या कडेने दोन मीटरची वाट सोडली, तिला दिवा आणि फाटक लावलं, तर त्यांचं निम्मं अंतर वाचेल. सुरक्षेची भीती सगळ्यांना आहे, मलाही आहे. फाटक रात्री अकराला बंद करू, वॉचमनची केबिन तिथेच ठेवू. पौड रोडला ज्यांच्या सोसायटीचे नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत, त्यांनीही आपली मागची भिंत एकदा बघून या.